कडक भाकरी आणि दर्या

हुरड्याचे दिवस आले की माझे ओठ फुटतात. सोलापूरची थंडी तशी काही फार नाही. बाहेरगावच्या माणसाला ती थंडी वाटतसुद्धा नाही. पण ती कोरडी असते, पिळून काढल्यासारखी कोरडी. लुगडं दोरीवर टाकून पाठ वळवावी तोवर वाळलेलं असतं, गालावरून हात फिरवला तर खरखर लागते, आणि ओठांना कितीही लोणी चोळा, भेगा पडायच्या त्या पडतातच. हुरडा म्हटलं की लोकांना शेकोटी, गूळ आणि शेंगांची चटणी आठवते. मला आधी ओठ आठवतात. माझे आणि ह्यांचे. आमच्या संसारात ओठांना फार मान आहे, म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

यंदा शेतावरून पहिला हुरडा आला आणि त्याच आठवड्यात माझी नात नवऱ्याबरोबर अंदमानला निघाली. दोघं पुण्याला नोकरी करतात. शनिवार-रविवारला सुट्टी जोडून, कुठून तरी स्वस्तातली विमानाची तिकिटं शोधून, राहण्याचं स्वस्त ठिकाण हुडकून त्यांनी सगळं जमवलं होतं. त्याला ती ‘बजेट ट्रिप’ म्हणते. मला मोबाइलमध्ये निळ्या पाण्याचे फोटो दाखवून म्हणाली, “आजी, तू आणि आजोबा लग्नानंतर कुठं गेला होतात गं? की गेलाच नव्हतात?”

“गेलो होतो की,” मी म्हटलं. “बेटावरच गेलो होतो.”

तिला वाटलं, आजी चेष्टा करतेय. “तुमच्या काळी?” असं तिनं अशा तोंडानं विचारलं, जसं काही आमच्या काळी समुद्रात पाणी भरायचं राहिलं होतं. मी कडक भाकरीची एक चवड कागदात बांधून तिच्या बॅगेत घातली आणि बजावलं, “डब्यात घट्ट बंद करून ठेव. तिकडची हवा लागली की संपलं.” तिला काय कळणार त्यातलं! कळायला एकदा फसावं लागतं.

मी मूळची अक्कलकोटची. माहेरी चुलीपाशी कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. लग्न होऊन सोलापुरात आले ती बाळीवेशीजवळच्या दोन खोल्यांत. घरात सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, एक लग्नाची नणंद, एक शिकणारा दीर आणि आम्ही दोघं. दोन खोल्यांच्या मधल्या कोपऱ्यात दोरीवर एक चादर टाकलेली, तेवढा आमचा संसार. चादर जाड होती, पण आवाज अडवण्याइतकी जाड चादर अजून कुणी विणलेली नाही.

हे गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. ज्यांनी कधी साळखातं पाहिलं नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. ओळीनं शेकडो माग, प्रत्येकाचा धोटा सूत घेऊन इकडून तिकडे आपटतोय, जमीन हलतेय. मी एकदाच दारापर्यंत गेले होते, डबा द्यायला, आणि घरी येईपर्यंत माझ्या छातीत ते धडधडत होतं. हे पोरवयापासून त्यात उभे होते. लग्न झालं तेव्हा थोडं मोठ्यानं बोलावं लागायचं. दोन-तीन वर्षांत बरंच मोठ्यानं बोलावं लागायला लागलं. शेवटी मी हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं ऐकू परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. त्या आवाजातून बाहेर पडा. हे मान हलवून ऐकत होते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा झाला तसे डबा घेऊन निघाले.

मी मनाशी सगळं ठरवलं. गिरणीतच घडीखातं होतं, तिथे कापडाच्या घड्या घालायच्या, शांत काम. पगार मात्र कमी. मग उरलेला पगार मी मिळवायचा. मी मॅट्रिक होते आणि आमच्या गल्लीच्या टोकाला बालवाडीत बाई हवी होती. एवढं सोपं होतं. फक्त ते ह्यांना सांगायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. नवऱ्याच्या कानात हळूच सांगायची गोष्ट मला ओरडून सांगायला लागणार होती, आणि चादरीपलीकडे अव्वा होत्या. मुलानं कमी पगाराची जागा घ्यावी आणि सुनेनं नोकरीला जावं, तेही नणंदेचं लग्न तोंडावर असताना, हे अव्वांनी आधी ऐकलं असतं तर ते तिथेच मोडलं असतं. एकदा मी दिवा मालवल्यावर तोंड त्यांच्या कानाशी नेऊन सुरुवात केली. हे म्हणाले, “आं? जरा मोठ्यानं बोल की!” आणि पलीकडून अव्वांचा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, “काही नाही, झोपा.”

तुम्ही म्हणाल, फिरायला जायचं, तळ्याच्या काठी बोलायचं. त्या दिवसांत सोलापुरात एखादी बाई तळ्याच्या काठी नवऱ्यावर ओरडताना दिसली असती, तर दिवेलागणीच्या आत अख्ख्या बाळीवेशीत चर्चा झाली असती. आणि लिहून देणं माझ्या स्वभावात नाही. भांडायचं तर माणूस समोर पाहिजे. मला एक अशी जागा हवी होती जिथे मी पोट भरून ओरडेन आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा वळून बघणार नाही.

ती जागा ह्यांच्याच खात्यातल्या एका फिटरनं दिली. ते मालवणकडचे. चहाला आले की गावाच्या गोष्टी सांगायचे. त्यांची बहीण शेवंता एका जुव्यावर राहायची. तिकडे खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माड आणि चार घरं. “तिथं दर्या एवढा गाजतो की माणसाला माणसाचं ऐकू जात नाही,” असं ते कौतुकानं म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विजेच्या टंचाईमुळे त्या हिवाळ्यात गिरणी शनिवारीही बंद राहू लागली होती. मी ठरवून टाकलं.

अव्वा तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, “अव्वा, आमी दोघं शनवार-ऐतवार बाहेर जायलोय.”

“कुणाच्या लग्नाला?”

“लग्नाला न्हाय.”

“मग कुठल्या देवाला?” त्यांचा चेहरा जरा उजळला. आमच्या घरी अजून पाळणा हलला नव्हता, नवस बोलायला चालली असेल असं त्यांना वाटलं. मी हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण देवाचं नाव पुढे करून नवऱ्याशी बोलायला जायचं, हे मला पटेना.

“देवाला न्हाय अव्वा. दर्या बघायला.”

“दर्यात काय बघायचं? पाणीच की!”

“तेवढंच बघून येतो.”

 सूप बाजूला सारून अव्वा उठल्या आणि परातीत ज्वारीचं पीठ काढायला लागल्या. “तिकडं लोक मासं खात्यात,” त्या म्हणाल्या. “भाईरचं कायबी खायाचं न्हाय. भाकरी देते करून.” आम्ही लिंगायत, मासे म्हटले की अव्वा पदर नाकाला लावायच्या. त्या दिवशी त्यांनी दुपारभर कडक भाकरी केली. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग मंद निखाऱ्यावर वाळवायची, बोटानं टिचकी मारली तर टणकन वाजली पाहिजे. अशी भाकरी आमच्याकडे महिनाभर टिकते. एक चवड, गाडगंभर शेंगांची चटणी आणि पांघरायला एक चादर, एवढ्यावर आम्ही निघालो. राहणं शेवंताकडे, खाणं पिशवीत, खर्च काय तो एसटीचा. नातीला सांगायला पाहिजे, बजेट ट्रिप आम्हीच काढली.

निघताना गल्लीतल्या बायका दारात उभ्या. कुणी विचारलं तर मी सरळ सांगत होते, दर्याला. माझी आई असती तर ‘होगि बर्री’ म्हणाली असती, जाऊन या. गल्लीतलं कुणी तसं म्हणालं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण पाऊल काही थांबलं नाही. 

एसटीच्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर चादर पांघरून बसलो होतो हे आठवतं, आणि घाट उतरल्यावर एकदम बदललेली हवा आठवते. खिडकीतून येणारा वारा ओला होता. मी ओठांवरून जीभ फिरवली तर भेगांची आग कमी झालेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हेही ओठ चाटून बघत होते. आम्ही दोघंही हसलो. लग्नानंतर आम्ही दोघंच एका गोष्टीला हसलो असं ते बहुधा पहिल्यांदाच.

होडीत बसताना ह्यांनी काठ इतका घट्ट धरला की होडीवाला म्हणाला, “सोडा ओ, ती खंय पळत नाय.” हे त्याच्या तोंडाकडे बघून “व्हय व्हय” म्हणाले आणि आणखी घट्ट धरलं. शेवंता धक्क्यावर उभी होती, काळीसावळी, उंच, आवाजानं खणखणीत. “येवा येवा! भावान कळवल्यान हां,” ती म्हणाली. मग लगेच मुद्द्यावर आली, “मासे खातास?” मी मान हलवून नाही म्हटलं. “मगे काय खातलास?” तिला खरंच काळजी पडली. मी अभिमानानं पिशवीवर हात मारला. म्हटलं, आमच्याबरोबर आहे सगळं, तुम्हांला त्रास नाही.

दुपार ओसरल्यावर आम्ही माडाखाली बसून गाठोडं सोडलं. वरची भाकरी मी उचलली आणि मोडायला गेले. ती मोडेना. वाकली. मी दोन्ही हातांनी ओढली तर रबरासारखी ताणली गेली. खालची बघितली, तीही तशीच. तळापर्यंत सगळी चवड मऊ, चिवट, ओल्या कापडासारखी लोंबणारी. महिनाभर टिकणारी अव्वांची भाकरी दर्याच्या वाऱ्यानं एका दुपारीत निकामी केली होती. हवेत पाणी असतं हे सोलापूरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आम्ही पाणी फक्त घागरीत पाहिलेलं. मला रडू यायला लागलं. दोन दिवसांचं जेवण गेलं म्हणून नव्हे. अव्वांची दुपार त्यात गेली होती म्हणून. हे मात्र एक भाकरी दोन्ही हातांत धरून, घडी घालून उलगडून बघायला लागले. “ही बघ,” ते म्हणाले, “घडीखात्यातला माल.”

मी चपापले. घडीखात्याचं नाव त्यांच्या तोंडी कसं आलं? पण तेवढ्यात शेवंता आली, भाकरी हातात घेऊन इतकी हसली की तिला बसावं लागलं. तिनं करवंट्यांचा जाळ केला, भाकरी पुन्हा शेकून दिली, आणि उकड्या तांदळाची पेज वेगळ्या मडक्यात रांधली. ते मडकं तिनं आमच्या देखत राखेनं तीनदा घासलं. पेज आणि शेंगांची चटणी असं जेवण कधी कुणी जेवलं नसेल. मी अजून हिवाळ्यात एकदा तरी ते करते. घरातलं कुणी हात लावत नाही, फक्त आम्ही दोघं खातो.

रविवारी सकाळी मी ह्यांना समुद्राच्या अंगाला नेलं. ओहोटी होती, वाळू दूरवर उघडी पडली होती. मी दर्या पहिल्यांदाच बघत होते, पण खरं सांगते, मी तो नीट बघितलाच नाही. माझं लक्ष मला काय बोलायचं त्यावर होतं. मी गेले महिनाभर ते घोकलं होतं. फिटर म्हणाले होते ते खरं होतं. लाटांचा आवाज असा होता की माझाच आवाज मला ऐकू येईना. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, “तुमी साळखातं सोडा!”

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी आणखी मोठ्यानं ओरडले. घशाच्या शिरा ताणल्या. लांबवर जाळं झटकत असलेले दोघं थांबून बघायला लागले. तेव्हा ह्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “कशाला वरडायलीस?”

“ऐकू जावं म्हणून!”

“हितं आवाज लई हाय,” ते म्हणाले, अगदी शांतपणे. “आवाज लई असला की वरडायचं नसतंय. साळखात्यात कोण वरडतंय? सावकाश ओठ हलीव. घसा नगं वापरू.”

मग त्यांनी मला करून दाखवलं. आवाज अजिबात न काढता, ओठ पुरते उघडून मिटून, मध्येच भुवईनं नाहीतर बोटानं जोड देत ते बोलले. त्यांच्या खात्यातली सगळी माणसं दिवसभर अशीच बोलत होती, दोन मागांच्या पलीकडच्या माणसाशी, थट्टा करत, भांडत. त्यांना त्यात विशेष काही वाटतच नव्हतं. आणि ते जे बोलले ते माझंच बोलणं होतं. ‘साळखातं सोडा. घडीखात्यात जावा. मी बालवाडीत जाते.’

“हे तुमाला कुणी सांगितलं?”

“तूच की. शेजारच्या काकूला अंगणात सांगत व्हतीस. मी खाटंवर पडलो व्हतो. त्वांड दिसत व्हतं तुझं.”

मी वाळूत मटकन बसले. ज्या गोष्टीसाठी मी अख्खी गल्ली अंगावर घेऊन घाट उतरून आले, ती गोष्ट ह्यांनी अंगणापलीकडून कधीच वाचली होती. “मग चादरीआड मी सांगायला लागले तवा आं आं का करत व्हता?”

“अंधारात त्वांड कसं दिसंल?” हे म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

“मग सांगा. सोडताय का न्हाय?”

“न्हाय.”

एवढंच. पुढे त्यांनी ओठांनीच सांगितलं, घडीखात्यात म्हातारी माणसं बसवतात. मागावरचा माणूस तो मागावरचा माणूस. बहिणीचं लग्न व्हायचंय. मला ते सगळं कळत होतं आणि त्यातलं काही मान्य नव्हतं. मी म्हटलं, तर मग मी इथून उठणार नाही. “बस,” ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी तेही बसले. दोघांनी तोंडं समुद्राकडे केली. हट्टाला आम्ही दोघंही सारखेच.

आता, पाणी पुढे येतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं. तळ्याचं पाणी कधी पुढे आलेलं कुणी पाहिलंय? एक लाट पायापाशी आली, मला वाटलं, चुकून आली असेल. मग गुडघ्यांपाशी आली. मग आम्ही बसलेल्या जागीच पाणी खेळायला लागलं, लुगडं जड झालं, ह्यांचं धोतर फुगलं. मागून शेवंता हाका मारत धावत होती, “गे बाय, उठ! भरती इली!” मला ते ऐकू आलं. पण उठले असते तर हरले असते. मी बसून राहिले. पाणी कमरेला लागलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, माझ्या तोंडाकडे.

“तू बोलतीस ते मला कळतंय,” ते म्हणाले, या वेळी आवाजानं, पण त्यांचा आवाज लाटांनी निम्मा खाल्ला. “पर तुझा आवाज... तो कसा व्हता ते आता आठवावं लागतंय.”

 इतके दिवस मी पगाराचा, अव्वांचा, खात्याचा विचार करत होते. हा माणूस रोज थोडा थोडा एकटा पडत चाललाय आणि ते त्याला पुरतं कळतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मी पुरता भैरा झालो तर?” त्यांनी विचारलं. “घर कसं चालंल?”

मी त्यांचा डावा कान धरला, तो जरा बरा होता. तोंड अगदी कानाला लावलं आणि म्हटलं, “मी हाय की.”

तेवढंच म्हटलं. पुढची लाट खांद्यापर्यंत आली आणि शेवंतानं मागून आमच्या दंडाला धरून आम्हांला उभं केलं. ती रागानं लाल झाली होती. “मरूक इलास काय हंय?” ती ओरडली. हे तिच्या तोंडाकडे बघून हसले आणि मला ओठांनी म्हणाले, ‘हिचं तर पाठमोरंबी कळंल.’

परतीच्या एसटीत मी पुन्हा विषय काढला नाही. ह्यांनी हो म्हटलं नव्हतं. मी हरले की जिंकले ते मला कळत नव्हतं. वाटेभर मात्र आम्ही आवाज न काढता बोलत होतो. पुढच्या बाकावरच्या बाईनं दोनदा वळून बघितलं आणि आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगितलं. हे म्हणाले, ‘आपण मुके हाय म्हणतीय बिचारी.’

घरी आल्यावर अव्वांनी पहिलं विचारलं, “भाकरी पुरली का?” मी म्हटलं, “पुरली. लई चांगली झाली व्हती.” हे मान खाली घालून बसले.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. हुरडा सरला, शेतं काढणीला आली, हे रोज भोंग्याबरोबर साळखात्यात जात होते. मी बालवाडीत जाऊन भेटून आले होते, माझं मी पक्कं केलं होतं. एक दिवस सगळे जेवायला बसले होते. अव्वा मध्ये, दीर, नणंद, मी वाढायला. ह्यांनी समोरून माझ्याकडे बघितलं, आणि घास खाता खाता, आवाज न करता, ओठ सावकाश हलवून म्हणाले, ‘सायबाला सांगितलं. उद्यापास्नं घडीखातं.’

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. अव्वा म्हणाल्या, “काय रं, त्वांड का हलवायलास? खडा लागला का?”

“व्हय,” हे म्हणाले. “लागला व्हता. काढला.”

अव्वांना कळलं तेव्हा त्या रागावल्याच. पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नणंदेचं लग्न थोडं साधेपणानं झालं, ते त्यांनी मनात धरलं. मी बालवाडीत गेले, पोरांच्या गोंगाटात रमले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ह्यांचं उरलेलं ऐकू बराच काळ उरलं. मुलाचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलं, त्याचे बोबडे बोल ऐकले, सुनेचा गळा गोड आहे हेही त्यांना ठाऊक आहे. मग वयानं न्यायचं ते नेलं, त्याला कुणाचा इलाज नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. ज्या घरात दोघांना बोलायला जागा नव्हती, त्याच घरात आम्हांला जागा मिळाली. सगळ्यांच्या मध्ये बसून, भर उजेडात, आम्ही काय वाटेल ते बोलायचो. पाहुण्यांबद्दल बोलायचो, अव्वांबद्दलसुद्धा बोलायचो, देव क्षमा करो. कडाक्याची भांडणं केली, कुणाला पत्ता नाही. आणि जे बायको-नवऱ्यानं बोलायचं असतं तेही बोललो. हिवाळ्यात ओठ फुटले की बोलताना चुरचुरायचं, त्या दिवसांत भांडणं थोडक्यात आटपायची. लोक म्हणायचे, किती अबोल जोडपं आहे. आमच्याइतकं बोललेलं जोडपं अख्ख्या बाळीवेशीत नसेल.

नात अंदमानला गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. एका डोळ्याचं केलं, दुसऱ्याची पाळी पुढे आहे, त्यानं उजेड आणि माणसाचा आकार तेवढा दिसतो. डॉक्टरांनी पट्टी बांधली, कॉटवर निजवलं, मुलगा औषधं आणायला खाली गेला. वॉर्डात बरीच माणसं होती, कुणी कण्हत होतं, कुणी चहा मागत होतं. माझ्या शेजारी स्टुलावर एक आकार येऊन बसला. खोबरेल तेलाच्या वासावरून मी ओळखला. मी वाट बघत राहिले. बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं, ते बोलत असणार. नेहमीसारखे, आवाज न काढता. आणि मला त्यांचे ओठ दिसत नव्हते.

मला एकदम भीती वाटली. खरी भीती, लहान पोरीला वाटते तशी. त्यांना ऐकू येत नाही, मला दिसत नाही, आता आम्ही कुठल्या वाटेनं एकमेकांपर्यंत जायचं? मी हात पुढे केला, चाचपडला, त्यांचा गुडघा सापडला. तो मी घट्ट धरला. त्यावरून त्यांना कळलं असावं. स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आकार उभा राहिला, आणि ज्या माणसानं त्या दर्याकाठाशिवाय मनातलं काही कधी घशातून काढलं नव्हतं, तो भर वॉर्डात, भर दुपारी, साऱ्या परक्या माणसांसमोर ओरडला,

“मी हाय की!”

कण्हणारा कण्हायचा थांबला. कुणीतरी हसलं. नर्सबाई धावत आल्या, “आजोबा, हळू! इथं पेशंट आहेत!” ते त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ज्या ओरडण्यासाठी मी एके काळी बेट शोधत गेले होते ते आता सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

मी चेहरा त्या आकाराकडे वळवला. फुटलेले ओठ चुरचुरत होते. आवाज न करता, सावकाश, एकेक अक्षर पुरतं उघडून मिटून मी म्हणाले, ‘पुन्हा बोला.’

आणि ते पुन्हा ओरडले.